ढेकर येईपर्यंत पन्हं

एकदा काय झालं, तगर नावाच्या राजकन्येनं राक्षसाशी पैज लावली. आईला न विचारता. शुद्ध गाढवपणा, दुसरं काय!

राज्य केवढं? ह्या टोकाला पोर शिंकलं की त्या टोकाची म्हातारी म्हणायची, "शतंजीव!" एवढ्याशा राज्यात शाळा कुठली असायला? म्हणून तगरला राणीच शिकवायची, घरी, चुलीपाशी.

तर तगर वेशीवर बसून तांब्याभर पन्हं पीत होती. तेवढ्यात डोंगरामागून राक्षस आला. पाठीवर भलंमोठं पोतं. त्यानं तिचा तांब्या उचलला, उरलेला घोट चाटला, आणि त्याचे डोळेच मिटले.

"ए पोरी, अस्संच पन्हं मला ढेकर येईपर्यंत पाज. पाजलंस तर मुकाट जाईन. चव बिघडली तर दर खेपेला ह्या राज्यातली थोडी थोडी झोप पोत्यात भरेन. तीन खेपा देतो. आहे हिंमत?"

"त्यात काय एवढं! डाव्या हातचा मळ!"

बघा, जीभ कशी पुढं धावली ती.

मग तगर घरी पळाली. तांब्याभर पन्ह्याचं माप तिला ठाऊक होतं. एक वाटी कैरीचा गर, दोन वाट्या गूळ. पण राक्षसाला वाट्या कुठल्या पुरणार? मग तिनं घमेली घेतली. धुतलेली, बरं का. दहा घमेली गर काहिलीत ओतला. आणि गूळ? तगरनं डोकं खाजवलं.

"एकाला दोन, म्हणजे गूळ एक जास्त. मग दहाला अकरा!"

टाकला अकरा घमेली गूळ. वर पाणी ओतलं, ढवळलं, झालं पन्हं. राक्षसानं घोट घेतला आणि त्याचं तोंड चिंच चावल्यागत झालं.

"दात आंबले की गं माझे!"

त्यानं पोतं उघडलं. सगळ्या जनावरांची झोप सर्रकन आत गेली. मग काय, कोंबडे भरदुपारी आरवायला लागले, आणि गाई उभ्याउभ्याच हंबरत राहिल्या.

मग दुसरी खेप. "आंबट काय? थांब तू!" गर तेवढाच, आणि गूळ हाताला लागेल तेवढा. माप नाही, मोजणं नाही. राक्षस प्यायला आणि त्याचे ओठच चिकटले. बोलता येईना. नुसतं "ह्म्म्म! ह्म्म्म!" करत त्यानं पोतं उघडलं. ह्या वेळी मोठ्या माणसांची झोप गेली. प्रधान अंगणातलं गवत मोजत बसला. राजा राजवाड्यात येरझाऱ्या घालायला लागला.

आता उरली कुणाची झोप? पोरांची. तुमच्याएवढ्या पोरांची. तगर चुलीपाशी बसून रडायला लागली.

"रडून पन्हं गोड होत नाही," राणी म्हणाली. "एक तांब्या कर बघू."

तगरनं केलं. एक वाटी गर, दोन वाट्या गूळ.

"आता अजून एक, तस्संच. दोन्ही ह्या पातेल्यात ओत. चाख."

"तीच चव आहे की."

"पातेल्यात गर किती गेला?"

"दोन वाट्या."

"आणि गूळ?"

"चार." तगरनं पातेल्यात डोकावून पाहिलं. मग ओरडलीच, "आई! एक जास्त नाही गं! एका वाटीमागं दोन, दर वाटीमागं दोन! दहाला वीस!"

"हां. ह्यालाच प्रमाण म्हणतात. मापं वाढू देत, प्रमाण हलवायचं नाही."

मग तगर कोठीत गेली. दुसऱ्या खेपेनंतर तिथं मोजून वीस घमेली गूळ उरला होता. आता पाहते तो अठराच! राज्यात दुसरा गूळ नाही. वेशीवर राक्षस पाय आपटतोय.

"उंदीर असतील, उंदीर," राजा म्हणाला. जरा घाईघाईनंच.

तगरच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. पण मग ती थांबली. "दोनामागं एक. अठराला किती? नऊ!" तिनं गराचं एक घमेलं बाजूला ठेवलं. पाणीही त्याच बेतानं कमी घातलं.

"अगं, कमी पडेल ना!" राजा कळवळला.

"पडलं तर पडलं, बाबा. चव नाही बिघडणार."

राक्षसानं काहील तोंडाला लावली. प्याला, प्याला, प्याला. शेवटी काहील उलटी करून शेवटचा थेंबही जिभेवर घेतला. पोरांनी आपापली झोप मुठीत घट्ट धरली.

आणि मग...

ढेर्र्र्र! चार घरांची कौलं उडाली.

राक्षसानं पोतं मोकळं केलं. झोपा बाहेर आल्या, मऊ मऊ, सावरीच्या कापसासारख्या. गाईची गाईकडं, कोंबड्याची कोंबड्याकडं. प्रधान तर गवतातच आडवा झाला. आणि राक्षस जांभया देत डोंगरामागं गेला.

फक्त राजाची झोप उशीच्या टोकावर येऊन बसली. आत काही शिरेना. राजा ह्या कुशीवर, राजा त्या कुशीवर.

"अहो," राणी म्हणाली, "तुमच्या मिशीत मुंग्या कशा हो?"

राजा उठून बसला. मान खाली. मग हळूच म्हणाला, "तगरे, उंदीर नव्हते गं. तो गूळ मी खाल्ला. झोप गेली, मग भूक लागली, मग..."

"दोन घमेली, बाबा?"

"दोन."

"मग उद्या चार आणा. एकामागं दोन!"

राजा हसला. तशी झोप टुणकन आत शिरली आणि राजा घोरायला लागला. राजा सुखानं झोपला, तसे तुम्हीही झोपा. आणि डब्यातल्या शंकरपाळ्या कुणी संपवल्या, ते आत्ताच सांगून टाका. नाहीतर बघा हं, झोप उशीवरच बसून राहील.