सखाहरीने आणलेले नमुने

एका माळावरच्या गावात सखाहरी नावाचा एक भोळा शेळीवाला राहायचा. घरात तो आणि त्याचा कुत्रा चित्र्या, दोघंच. कुणी काही सांगितलं की सखाहरी ते तंतोतंत पाळायचा. फक्त एक खेप उशिरा.

एका उन्हाळ्यात चित्र्या तापानं फणफणला. भाकरीला तोंड लावेना, नाकातून रक्त येऊ लागलं. सखाहरीनंही जेवण सोडलं. तालुक्याच्या नलावडे डॉक्टरीणबाई गोचिडांमुळे कुत्र्यांना येणाऱ्या तापाचा अभ्यास करत होत्या. त्यांनी निरोप धाडला, चित्र्याच्या अंगावरचे चार गोचीड तपासायला आणा.

सखाहरी चार गोचीड तळहातावर घेऊन एसटीत बसला. उतरला तेव्हा हातावर एकही नव्हता. एसटीतले लोक मात्र खाजवत होते.

"असं उघडं आणतात का?" बाई म्हणाल्या. "भांड्यात घालायचं, झाकण घट्ट लावायचं."

"बरं," सखाहरी म्हणाला.

मग बाईंनी कुत्र्यालाच बोलावलं. सखाहरीनं चित्र्याला दुधाच्या कॅनमध्ये बसवलं आणि झाकण दाबलं. शेपटी बाहेर राहिली म्हणून फट राहिली, फट राहिली म्हणून चित्र्या जिवंत राहिला.

"अहो, गळ्यात दोरी बांधायची," बाई म्हणाल्या, "आणि सावकाश चालवत न्यायचं."

"बरं."

बाईंनी चित्र्याचं रक्त काचेच्या नळीत काढलं आणि पलीकडच्या गल्लीतल्या प्रयोगशाळेत द्यायला सांगितलं. सखाहरीनं नळीच्या गळ्यात दोरी बांधली. गतिरोधकापर्यंत नळी नीट चालली.

बाईंनी दोरीला उरलेला नळीचा गळा सोडवून टाकला. मग म्हणाल्या, "प्रयोगशाळेचं जे काही असेल, ते बर्फात घालून आणायचं. ऊन लागलं की खराब होतं."

"बरं."

पुन्हा काढलेलं रक्त बाईंनी स्वतः नेलं. त्यात गोचिडांच्या तापाचे जंतू सापडले. अठ्ठावीस दिवस गोळ्या होत्या. त्या शेजारणीनं दिल्या, म्हणून चित्र्या वाचला. त्यानं पहिली भाकरी खाल्ली त्या दिवशी सखाहरी उंबऱ्यात बसून रडला आणि मग स्वतःही जेवला.

पुढे बाईंनी गावातल्या सगळ्याच कुत्र्यांचं रक्त तपासायला शिबिर भरवलं. ते पाहायला जिल्ह्याच्या प्रयोगशाळेचे मोठे साहेब येणार होते. बाईंचे हात कुत्र्यांत अडकलेले. त्यांनी सखाहरीला सांगितलं, फाट्यावर जा, साहेबांना घेऊन या.

सखाहरीनं आधी बर्फाच्या कारखान्याचा टेम्पो ठरवला.

साहेबांनी विचारलं, पुढे बसू का? सखाहरी म्हणाला, बाईंनी मागेच सांगितलंय. साहेब शिस्तीचे होते, चढले. सखाहरीनं त्यांना दोन लाद्यांच्या मधे बसवलं, वरून ओलं गोणपाट घातलं आणि टेम्पोचा मागचा फाळका लावला.

बारा किलोमीटरनंतर शिबिरापाशी फाळका उघडला. साहेबांचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. त्यांना काही बोलायचं होतं, पण जमत नव्हतं. बाई धावत आल्या आणि जागीच थिजल्या.

सखाहरीनं साहेबांच्या गालाला हात लावून पाहिला.

"बघा बाई," तो समाधानानं म्हणाला, "अजून ताजे आहेत."