ओढली की आवळणारी गाठ

बाभळी बोलायच्या तेव्हाची ही गोष्ट. मला एका बाभळीनेच सांगितली.

वाऱ्याने घरटी पडू नयेत म्हणून सुगरणीने ओढली की आवळणारी गाठ शोधली. कोल्हा म्हणाला, "सुगरणताई, आम्हालाही शिकवा की!"

शेजारच्या फांदीवरचा म्हातारा होला पक्षी म्हणाला, "पोरी, आधी ती सुटते कशी ते शोध."

"सोडायची कशाला, आजोबा? घट्ट बसते यातच तर गंमत आहे!" असं म्हणून तिने कोल्ह्याला गाठ शिकवली.

चौथ्या दिवशी होलाच कोल्ह्याच्या फासात अडकला. घायपाताची दोरी चोचीने तुटेना, म्हणून सुगरण गाठ ओढू लागली.

"ओढू नकोस, पोरी," होला घुसमटत म्हणाला. "आवळतेय."

तिने चोच मागे घेतली. गवतात कोल्ह्याची पावलं वाजली, आणि गाठ सोडायची कशी, हे तिलाच ठाऊक नव्हतं.