जाड पिनेची तहान

२१ एप्रिल. आभाळ स्वच्छ, ऊन कडक, वारा नाही.

वस्तूंना वाचा होती तेव्हा एका दूध संकलन केंद्रात दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणा, मोजणारा मीटर होता. लॅपटॉपच्या यूएसबी वायरीतून त्याला वीज मिळे. एकदा त्याचे आकडे थरथरू लागले. केंद्र सांभाळणाऱ्या सुलभाताई डोंगरे म्हणाल्या, "उद्या याला भंगारात देते."

मीटर घाबरला. "तू सैल बसतेस," तो वायरीवर खेकसला.

"मी कालच आलेय, दादा. तुम्ही त्याआधीपासून कापताय."

तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि मीटरचा आकडा एकदम स्थिर झाला. वीज परतली, चार्जर सुरू झाला, तसा तो पुन्हा थरथरला.

"खोट तुझ्यात नाही," लॅपटॉप म्हणाला. "चार्जरच्या प्लगला विचार."

प्लगची जाड पिन हळूच म्हणाली, "नको ती वीज जमिनीत सोडणं माझं काम. पण भिंतीमागचा अर्थिंगचा खड्डा उन्हानं सुकलाय. कोरडी माती काही घेत नाही, मग ती वीज लॅपटॉपमधून तुझ्याकडे वळते."

"मग बोलली का नाहीस?" मीटरनं विचारलं.

"दिवे लागतात तोवर माझी आठवण कुणाला येते?"

सुलभाताईंनी ते ऐकलं. त्या बादली घेऊन मागे गेल्या, खड्ड्यात पाणी मुरेपर्यंत ओतत राहिल्या. मग त्यांनी पुन्हा दूध तपासलं.

आकडा ६.६४ वर थांबला. मीटर टेबलावरच राहिला.