पांढरीतली बिनपायांची बाई

नदीकाठी ढवळपांढर नावाचं गाव होतं. तिथं भुजंगराव निंबाळे राहायचे, त्यांची बायको गोदाबाई राहायची. गावाबाहेर जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड, त्याला सगळे पांढर म्हणायचे. तिच्या पायथ्याला लालशा फकिराची झोपडी. भुजंगराव कुणापुढं वाकले नाहीत, वाकले ते या फकिरापुढं.

"मग बाबा, बांधू ना समाधी?"

फकीर गोधडीला टाके घालत होता. "कुणाची?"

"पांढरीत खणताना सांगाडा सापडला त्या बाईची. तीन हजार वर्षांची आहे. खणणाऱ्या साहेबांनी तिचा दात तपासला, गावाची थुंकी नळ्यांत भरून नेली. आईकडून लेकराकडं उतरत येणारी एक खूण असते म्हणे. तिची नि माझी एकच निघाली! आमच्या कुळाची मूळमाता ती."

त्यांनी कागद पुढं धरला. एका ओळीवर अंगठा दाबून.

"अंगठा काढ, भुजंगा."

अंगठा निघेना.

"अरे, मला वाचता येत नाही. भितोस कशाला?"

भुजंगराव ओशाळले. अंगठा काढून पुटपुटले, "हीच खूण... बुरुडवस्तीतही, घर तिसरं."

तिसरं घर म्हणजे रेश्माचं माहेर. एकुलत्या लेकानं, रणजितनं तिच्याशी लग्न केलं, म्हणून भुजंगरावांनी दोघांना घराबाहेर काढलं होतं. वर्ष उलटलं. नदीपलीकडं, टोपल्या विणणाऱ्यांच्या त्या वस्तीत नात जन्मली, महिन्याची झाली, तरी आजोबांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. गोदाबाईनं पाळणा तेवढा धुऊनपुसून ठेवला होता.

फकीर उठला. "चल, तुझी मूळमाता दाखव."

दोघं खड्ड्याशी आले. मातीत बाई उताणी निजलेली, उशाशी दोन मडकी.

"हिचे पाय कुठं गेले?"

"घोट्यातून तोडलेत. तेव्हा माणूस घरातच पुरायचे, जमिनीखाली. त्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून पाय तोडत असावेत, असं साहेब म्हणाले."

"मेलेल्या माणसानं?"

"हो. मेलेल्या."



"आणि तुझा रणजित कुठाय?"

भुजंगराव नदीच्या दिशेनं वळले.

उन्हं कलायच्या आत ते नदी ओलांडून गेले. रेश्मानं बिचकत तांब्या पुढं केला. घटाघट प्यायले, मिशा पुसल्या, म्हणाले, "घरी चला."

दारात गोदाबाई भाकरतुकडा ओवाळायला उभीच. "तीन हजार वर्षांची बाई ओळखलीत, पोटचा पोरगा ओळखायला वर्ष लागलं होय!"

बारशाला फकीर आला. रेश्माच्या बापानं विणलेल्या टोपलीत पोर पाय झाडत होती. दुपटं केव्हाच उडालं होतं. भुजंगरावांनी ते दोन्ही इवले पाय मुठीत गच्च धरले.

"बाबा, आशीर्वाद द्या. आता ही कधी घर सोडून जाऊ नये."

फकिरानं त्यांचं एकेक बोट हळूच सोडवलं.

"सोड, भुजंगा... हे पाय जातील तिथवर तुझं घर."