डब्यातला घोरणारा चोर

चापट मारली की रेडिओ गायचा, त्या काळातली ही गोष्ट. नागोतात्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घरीच प्रीअ‍ॅम्प्लिफायर जोडला, बारीक आवाज मोठा करणारा. पण गाण्यामागून सारखी घरघर येई. "घोरतोय त्याला भंगारात टाकतो!" तात्या कडाडले.

अर्थिंगच्या हिरव्या तारेचं काम एकच, डब्याच्या पत्र्याला चिकटून बसायचं. पण तिला डब्यातल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरचा दाट संशय.

"आजोबा, घोरताय ना?"

"नाही गं पोरी, जागाच आहे मी."

"चोर असंच म्हणतो!" ती मान उचलून त्याच्याकडे बघायची, की घरघर सुरू. खाली टेकली, की बंद. "बघा लबाडी! माझी पाठ वळली की साळसूद!"

तात्यांनी ट्रान्सफॉर्मर उपटायला हात घातला, तशी त्यांच्या मनगटाखाली तार दबली. आवाज एकदम स्वच्छ! त्यांनी तार उचलून पाहिली, घर्रर्र. "अस्सं होय भवाने!" म्हणत त्यांनी सोल्डरचा डाग देऊन तिला पत्र्यावर कायमची बसवली.

"पाहिलंत?" तार सगळ्यांना ऐकवू लागली. "मी ठाण मांडलं, तेव्हा कुठे म्हातारा वठणीवर आला!"

ट्रान्सफॉर्मरला हसू फुटत होतं. पण त्याने ते गिळलं. हसण्यालाही कुणी घोरणं म्हटलं तर?