सवतीच्या रांजणाची चव

विषय : ओके-एलू गावातील रंगारणी आपल्या निळीच्या रांजणाची चव वैरिणीला घ्यायला लावतात, त्या प्रथेच्या उगमाबाबत.
संदर्भ : गावातील वृद्धांचे सांगणे. लेखी पुरावा उपलब्ध नाही. जो आहे तो कचेरीत आहे, म्हणजे उपलब्ध नाहीच.

पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या मुलखात ओके-एलू नावाचे गाव आहे. लाल मातीची टेकडी, तिच्या पायथ्याशी बाजार, आणि बाजाराच्या उत्तर टोकाला रंगारणींची आळी. बाजार पाचव्या दिवशी भरतो. त्या दिवशी सकाळी, एकही कापड विकले जाण्याआधी, प्रत्येक रंगारीण आपल्या रांजणातले ओंजळभर पाणी लाकडी पळीत घेते आणि आळीतल्या ज्या बाईशी तिचे मुळीच पटत नाही, तिच्यापुढे नेऊन धरते. ती बाई पळी घेते, पाणी जिभेवर घोळवते, थुंकते आणि तोंड वाकडे करून निघून जाते. पाहुण्यांना वाटते, भांडण जुंपले. भांडण असतेच, पण ते जुने असते.

गाव दाखवायला बाबा अकान्नी नावाचे म्हातारे येतात. ते पाहुण्यांना आधी झाडाच्या सावलीत बसवतात, कोलाचे कडू फळ फोडून हातावर ठेवतात, आणि ते चघळताना पाहुण्यांचे चेहरे कसे होतात ते पाहून घेतात. मग सांगू लागतात.

गोऱ्या साहेबाची आगगाडी नुकतीच गावापर्यंत आली होती, तेव्हाची ही गोष्ट, असे सांगतात. गाडीने मांजरपाटाचे गठ्ठे आणले, टिनाचे पत्रे आणले, बायबल आणले आणि स्टेशनापाशी एक दुकान आणले. जाताना ती कोकोच्या बिया घेऊन जाई. लोकांनी कंदांची शेते मोडून कोको लावला. ज्यांच्या आज्यांनी जन्मभर कंद उकडून कांडले, त्यांच्या नाती डब्यातले मासे विकत आणू लागल्या. गावाच्या राजाला, म्हणजे ओबाला, साहेबाने खुर्ची दिली आणि त्याबरोबर एक नियम दिला : न्याय ओबाने करावा, मंजुरी साहेबाची घ्यावी. ओबाला खुर्ची आवडली.

त्या काळी ओगुंदेले नावाच्या शेतकऱ्याच्या घरी आयिंके नावाची थोरली बायको होती. तिच्याइतकी निळीची जाणकार रंगारीण पंचक्रोशीत नव्हती. निळीची पाने कुटून त्यांचे गोळे वाळवायचे, राखेतून पाणी गाळून त्यात ते भिजवायचे, आणि सात दिवस रांजणावर कुणाची सावलीही पडू द्यायची नाही. स्त्रियांच्या हातकामाची देवी इया मापो. तिला रोज सकाळी एक फळ. सातव्या दिवशी पाणी जिभेवर घ्यायचे. बोटाने टिपून चालत नाही. पळीभर पाणी तोंडात घोळवावे, तेव्हा रांजण पिकला की नाही ते कळते. आयिंकेचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते आणि जीभ, म्हणे, अशी तयार होती की कोणत्या झाडाची राख वापरली तेही ती सांगे.

आळीची मुखत्यारी, म्हणजे रंगारणींच्या आईचे पद, हे ओबाने द्यायचे. आधीची आई म्हातारी होऊन वारली तेव्हा आयिंकेने वीस वर्षे तिच्या शेजारी बसून काढली होती. देवीच्या वार्षिक सणाला ओबा नवी आई नेमणार होते. दुसरे कुणाचे नाव कुणाच्या ओठांवर नव्हते. आयिंकेने सणासाठी डोईला बांधायचे कापडसुद्धा रंगवून ठेवले होते.

अडचण घरातच होती. तिचे नाव अवेरो.

अवेरो ही धाकटी बायको. योरुबा घरात धाकटीने थोरलीला 'इयाले' म्हणायचे, सकाळी तिच्यापुढे दोन्ही गुडघे टेकायचे. अवेरो पहिली दोन वर्षे टेकत होती. आयिंकेनेच तिला नीळ शिकवली. आपल्या हाताने शिकवली, हे दुःख तिला पुढे सगळ्यात जास्त सलले. तिसऱ्या वर्षी अवेरोने आपल्या खोलीमागे वेगळे अंगण घेतले, त्याला दार केले, दाराला कुलूप लावले. आणि एक नवल झाले. इतर बायकांचा रांजण सात दिवसांनी पिके, तिचा एका दिवसात. गाडीने येणारे व्यापारी थांबायला तयार नसत. त्यांना आज कापड हवे, आजच हवे. ते अवेरोकडे वळले.

मग वस्तू येऊ लागल्या. आधी शिवणाचे यंत्र आले. मग लोखंडी पलंग. मग बूट आले, आणि बूट आल्यावर अवेरो एकच गुडघा टेकू लागली.

"बूट चावतात, इयाले," ती म्हणे.

"चावू देत," आयिंके म्हणे. "ज्याचा त्याचा स्वभाव."

सगळ्यात शेवटी पत्रे आले. ओगुंदेलेने अर्धे घर पत्र्याने शाकारले. अवेरोच्या बाजूचे अर्धे. पाऊस आला की तिकडे जणू शंभर माणसे टाळ्या वाजवत, आणि इकडे गवताच्या छपराखाली आयिंके त्या टाळ्या मोजत पडून राही. नवऱ्याचा तिला फारसा राग नव्हता. नवरा हा पावसासारखा, कुणाच्या तरी अंगणात पडायचाच. पण एका दिवसात पिकणारा रांजण! तो तिच्या डोळ्यांत कुसळासारखा खुपे. जेवताना, अंघोळ करताना, देवीला फळ वाहताना तिच्या मनात एकच : काय घालते ही भवानी?

बाजारात बायका आता तिच्या तोंडावर बोलू लागल्या.

"आयिंके, यंदा आईचं पद तुलाच ना?" शेजारच्या गाळ्यावरची विचारी.

"दुसऱ्या कुणाला?"

"नाही, म्हटलं, ओबांनी परवा अवेरोचं कापड नेसलं होतं. गाडीवर साहेबाला भेटायला गेले तेव्हा."

"ओबा साहेबाने दिलेली छत्रीसुद्धा धरतात. छत्रीला काय आई करणार?"

बायका हसल्या. आयिंकेही हसली. पण त्या दिवशी तिच्या हातून राखेचे पाणी दोनदा सांडले.

सणाला नऊ दिवस उरले असताना रविवार आला. अवेरो बूट घालून, छत्री घेऊन नव्या प्रार्थनाघरात गेली. किल्ली ती पलंगाच्या उशीखाली ठेवते, हे घरातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होते. दुसरीच्या रांजणघरात चोरून शिरणे हा आळीत सगळ्यात मोठा गुन्हा. त्याला देवीही क्षमा करत नाही, असे आयिंकेने स्वतः शेकडो पोरींना शिकवले होते. तिने कुलूप उघडले.

आत नेहमीच्या गोळ्यांचा, राखेचा वास नव्हता. रांजणातले पाणी मात्र सुरेख, गडद. तिला ते सुरेख दिसले याचाच राग आला. आणि मग तिने तेच केले जे रंगारणीशिवाय जगात दुसरे कुणी केले नसते. पळी बुडवली, भरली आणि आपल्या त्या नावाजलेल्या जिभेवर ओतली.

दुकानातून आलेला तो कॉस्टिक सोडा होता. रांजण एका दिवसात पिकवणारा, आणि दोन धुण्यांत कापड खाणारा. कापड गाडीने दूर जाई, तक्रार परत येत नसे. जिभेला तर त्याने दोन धुण्यांइतकाही वेळ दिला नाही.

ओरडायची सोय नव्हती; चोराने ओरडायचे नसते. ती तोंड दाबून आपल्या खोलीत आली आणि पाण्याच्या घड्यात तोंड घालून बसली. घरच्यांना तिने खुणेने सांगितले : गरम सार प्याले.

संध्याकाळी अवेरो आली. पायात बूट नव्हते. तिने कित्येक महिन्यांनी दोन्ही गुडघे टेकले आणि वाटी पुढे सरकवली.

"इयाले, जीभ भाजली म्हणे. थंड पेज आणलीय. सार जरा निवू द्यावं माणसानं."

आयिंकेने तिच्याकडे पाहिले. अवेरोने तिच्याकडे पाहिले. दोघींनाही सगळे कळले, आणि दोघीही गप्प राहिल्या. अवेरोने चोरी सांगावी तर रांजणात काय आहे ते सांगावे लागणार. आयिंकेने सोडा सांगावा तर तो कसा कळला ते सांगावे लागणार. नऊ दिवस त्या एकाच छपराखाली, अर्ध्या पत्र्याच्या आणि अर्ध्या गवताच्या, एकमेकींना पेज वाढत राहिल्या. इतका सलोखा त्या घराने पूर्वी पाहिला नव्हता.

सणाच्या दिवशी ओबांच्या अंगणात सगळी आळी जमली. दोघींचे रांजण आणून ठेवले. आयिंकेच्या तोंडून शब्द नीट फुटत नव्हता, आणि मुखत्यारीचे सगळे काम तोंडाचे. ओबांनी अवेरोचे कापड हातात घेतले, उन्हात धरले आणि म्हणाले, "काळ बदलला आहे. आईसुद्धा नव्या काळाची हवी."

आयिंके गप्प बसली असती तर सुखात राहिली असती. पुढल्या सणाला जीभ बोलती झाली असती, अवेरोची कापडे तोवर फाटली असती, आणि पद आपोआप तिच्याकडे आले असते. हे तिला कळत नव्हते असे नाही. पण एक वर्ष! वर्षभर त्या बयेपुढे आपण गुडघे टेकायचे! नवरा मेला तरी चालेल पण सवत रंडकी झाली पाहिजे, ही म्हण आपल्याकडची असली तरी भावना तिकडेही आहे.

ती उठली. अवेरोच्या रांजणातली पळी भरली आणि अवेरोच्याच तोंडापुढे धरली.

अवेरो मागे सरकली.

"घे की, पोरी," ओबा म्हणाले. "आपल्याच रांजणाला भ्यायचं काय?"

"काबियेसी, महाराज," अवेरो म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला, "आधी यांना विचारा, माझ्या रांजणात काय आहे ते यांना कसं ठाऊक. किल्ली माझ्या उशीखाली असते. विचारा की!"

सगळे आयिंकेकडे वळले. चार पावले पुढे जाऊन तिने ओबांसमोर जीभ बाहेर काढली. निळी नव्हती ती. पांढरी होती, आणि मधोमध सालटे गेलेले. मग ती वळली आणि सगळ्या आळीला एकेक करून ती जीभ दाखवत फिरली. तिथे बसलेल्या प्रत्येक रंगारणीला एका नजरेत दोन गोष्टी कळल्या : अवेरोच्या रांजणात विष आहे, आणि आयिंके चोर आहे. पुराणांतली माणसे देवासाठी त्याग करतात, गावासाठी करतात. आयिंकेने आपले पद आणि अब्रू सवतीला पद मिळू नये म्हणून दिली. त्यागच तो, हेतूचा रकाना भरायची तेव्हा पद्धत नव्हती.

मग ओबा म्हणाले, असे सांगतात, "मैत्रीण चव घेईल तर खोटं बोलेल. स्वतः घेईल तर त्याहून खोटं बोलेल. देवीचा पुजारी फळं खाऊन होकार देईल. या गावात निळीबद्दल आज एकच बाई खरं बोलली, आणि ती मत्सराने जळत होती. यापुढे जिचा जिच्यावर दात असेल तिने तिचा रांजण चाखावा. दोष काढायचा असेल तर जीभ दाखवून काढावा. आणि या दोघी घरी जाऊ देत."

आईचे पद कुणालाच दिले नाही.

त्यानंतर आळीत सोडा शिरला नाही. वैरिणीच्या हातात आपली अब्रू कोण देणार? अवेरोने बूट काढले आणि पुन्हा सात दिवसांचा रांजण मांडला. आयिंकेच्या जिभेला पुढे मीठ कळले नाही की मध कळला नाही. पण देवीने, म्हणे, एक चव शिल्लक ठेवली होती : पिकलेल्या निळीची. दर पाचव्या दिवशी अवेरो पळी घेऊन येई, आयिंके चाखे आणि थुंके. एकवीस वर्षांत ती एकदाही 'चांगला' म्हणाली नाही. तो शब्द ऐकायच्या हट्टापायी अवेरोचे रांजण असे उतरू लागले की समुद्रापारचे लोक तिचे कापड शोधत येत. आयिंके ज्या वर्षी गेली, त्या वर्षी अवेरोची नीळ बिघडली, ती पुन्हा नीट झाली नाही. दुसरी कुणी तिचा तितका द्वेष करत नव्हती.

आजही ओके-एलूच्या आळीत पोरगी नवा रांजण मांडते तेव्हा तिची आई आधी विचारते, "वैरीण चांगली निवडलीस ना?"

पदाचे पुढे काय झाले, असे पाहुणे विचारतात. त्याची हकीकत अशी. ओबांच्या निकालाला साहेबाची मंजुरी लागत होती. अवेरो स्टेशनाजवळच्या अर्जनविसाकडून पदासाठी अर्ज लिहून घेत आहे, असे कळताच आयिंकेनेही दुसऱ्या दिवशी त्याच अर्जनविसाकडून तसाच अर्ज लिहून घेतला. साहेबाने दोन्हींवर शेरा मारला : ओबांचा अभिप्राय घ्यावा. ओबांनी कळवले : साहेबांचा निर्णय झाल्यावर अभिप्राय देता येईल. पुढे साहेब बदलले, ओबा बदलले, कचेरीवरचे निशाण बदलले. दोघींच्या पणत्यांनी वारस म्हणून नावे लावून घेतली आहेत. त्या दर वर्षी वेगवेगळ्या दिवशी कचेरीत जाऊन चौकशी करतात. आपल्या आधी दुसरीचा तर निकाल लागला नाही ना, एवढेच विचारतात. अर्ज प्रलंबित आहेत.