तोंडातला शब्द

“दिव्याला दिवा म्हणायला जिला एवढा वेळ लागतो, तिला वाचायला कसं शिकवायचं, अप्पा?”

सिद्रामने विचारलं. मठाच्या ओसरीवर वीरभद्रस्वामी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सगळे त्यांना अप्पाच म्हणत.

सिद्राम त्यांचा शिष्य. पोथी वाचायला बसला की पानं उलटायला हात पुरत नसे. गावोगावहून त्याला बोलावणं यायचं. मठात पोरांना वाचन शिकवायचं कामही त्याच्याकडे होतं. तो चित्रं भराभर दाखवायचा, पोरं भराभर नावं सांगायची. मग तशीच अक्षरं, तसेच शब्द.

एकटी महानंदा मागे राहायची. तिच्या तोंडून शब्द निघायच्या आत बाकीची पोरं तो ओरडून टाकायची.

आज तिचे वडील गुरुपाद तिला कायमचं घरी न्यायला आले होते. सिद्रामनेच निरोप धाडला होता. ते पायरीपाशी टोपी हातात घेऊन उभे होते.

“तिला माहीत नसतं का?” अप्पांनी विचारलं.

“असतं. पण...”

“पण काय?”

“वाट बघावी लागते.”

अप्पांनी महानंदाला जवळ बोलावलं. शेजारचा विळा उचलून दाखवला.

ती बघत राहिली. ओठ हलले...

“विळा,” सिद्राम म्हणाला.

अप्पांनी विळा खाली ठेवला. घंटा उचलली.

महानंदाने श्वास घेतला...

“घंटा.” पुन्हा सिद्रामच.

अप्पांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे केला.

“तोंड भरून घे. गिळू नकोस.”

सिद्रामने घोट घेतला. अप्पांनी तीच घंटा त्याच्यासमोर धरली.

“हे काय आहे?”

सिद्राम नुसता बघत राहिला.

“लवकर सांग.”

त्याने हाताने वाजवायची खूण केली.

“खूण नको. नाव सांग.”

गाल फुगलेले, डोळे विस्फारलेले...

“याला ठाऊक नाही वाटतं,” अप्पा गुरुपादांना म्हणाले.

सिद्रामचे कान लाल झाले.

महानंदा त्याच्याकडे एकटक बघत होती. ती हसली नाही.

“त्यांना ठाऊक हाय, अप्पा,” ती हळूच म्हणाली. “तोंडात हाय. भायेर येईना.”



मग अप्पांनी पाटी घेतली. सिद्राम पोरांना रोज वाचायला द्यायचा, त्याच दोन ओळी लिहिल्या आणि पाटी तिच्या हातात दिली. सिद्रामने गुळणी टाकायला उठावं, तर त्यांनी त्याला हातानेच बसवलं.

“पा...ख...रू...”

तिचं बोट अक्षराखाली थांबायचं, पुढे सरकायचं. ‘फांदी’पाशी बोट अडलं, ते हलेचना. गुरुपादांनी तोंड उघडलं. अप्पांनी त्यांना नजरेने गप्प केलं.

...

“फांदी,” ती म्हणाली.

पाखरू फांदीवर बसले. फांदी हलली, पाखरू उडाले नाही.

शेवटच्या शब्दापर्यंत तिने वाचलं. पाटी मांडीवर ठेवली. बोट पुन्हा ‘हलली’वर नेलं.

“फांदी हलली तरी भ्यालं नसंल का ते?” तिने विचारलं.

सिद्राम उठला. ओसरीच्या कडेला जाऊन त्याने गुळणी टाकली. या ओळी त्याने किती पोरांकडून घोकून घेतल्या होत्या. हे कुणीच विचारलं नव्हतं. त्यालाही कधी सुचलं नव्हतं.

तो वळला.

“गुरुपादअण्णा, हिला नेऊ नका.”

“पण बाकीच्या पोरांसारखं भराभर कधी यायचं हिला?”

सिद्रामने अप्पांकडे पाहिलं.

“येईल का, अप्पा?”

“कदाचित नाही येणार.”

“मग मी काय करू?”

अप्पांनी नवी शेंग उचलली.

“तिला वाचायला शिकवत राहा... थांबणं तुला अजून येत नाही. पण येईल हळूहळू.”